जनसुनावणीला जाताना

 

आजचा विषय ऐकून काही जणी रेडिओ बंद करतील अशी आम्हाला धास्ती आहे. विषय कायद्याचा आहे. एक पर्यावरणाचा कायदा आणि दुसरा विजेचा. पण थोड्या थांबा. गेल्या पंधरा दिवसांत आम्ही ज्या ज्या वस्तीवर बैठकीला गेलो, तिथे बचतीचा हिशेब व्हायच्या आधी एकच विषय निघाला. कारखान्याची डिस्टिलरी वाढवणार आहेत, पेपरात जाहिरात आली आहे, पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे म्हणतात. मग ताई, जनसुनावणी म्हणजे नक्की काय? बायकांनी जायचे का? गेलो तर आमचे ऐकणार कोण?

एक आधीच सांगतो. कारखान्याला विरोध करा किंवा पाठिंबा द्या, हे सांगायला आम्ही बसलेलो नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींचे घरधनी तिथे कामाला आहेत. आपला ऊस तिथेच जातो, उसाच्या बिलावर पोरांची फी भरली जाते. आणि त्याच वेळी ओढ्याला मळीचे पाणी आले की म्हशी ते पीत नाहीत, हेही आपल्यालाच ठाऊक आहे. दोन्ही खरे आहे. म्हणूनच कोणीतरी आपल्याला विचारायला येणार असेल, तर नीट उत्तर द्यायला तयार असावे, एवढेच आमचे म्हणणे.

आता हे विचारणे कोठून आले ते बघू. आपल्या गटाचेच उदाहरण घ्या. गटाची नियमावली असते. ती कपाटात ठेवली तर स्वतः काही करत नाही. ती चालवायला अध्यक्ष लागते, सचिव लागते आणि इतिवृत्ताची वही लागते. बैठकीत तोंडी ठरले पण वहीत उतरले नाही, तर बँकेचे साहेब ते मानतात का? नाही मानत. देशाचा कारभारही याच धाटणीचा आहे. संसद कायदा करते. मग मंत्रालय त्या कायद्याखाली नियम आणि अधिसूचना काढते. आणि रोजची देखरेख करायला एखादे मंडळ नाहीतर आयोग असतो. आपली गाठ पडते ती या तिसऱ्याशी.

पाण्याच्या प्रदूषणाचा केंद्राचा कायदा १९७४ सालचा. पण महाराष्ट्राने त्याच्याही आधी, १९६९ मध्ये स्वतःचा कायदा केला होता आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन केले. तेच आजचे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. हवेचा कायदा १९८१ चा. त्यानंतर डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि झोपेतली माणसे हजारोंनी गेली. तेव्हा लक्षात आले की हवा एका कायद्यात, पाणी दुसऱ्या कायद्यात, आणि विषारी रसायने कुठेच नाहीत. मग १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला. जनसुनावणी येते ती याच कायद्याखालच्या अधिसूचनेतून. पहिली अधिसूचना १९९४ ची, तिच्यात १९९७ साली सुनावणी सक्तीची झाली, आणि सध्या चालते ती १४ सप्टेंबर २००६ ची. त्यात वेळोवेळी बदल होत आले आहेत.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. पर्यावरण मंजुरी हा एक कागद, आणि प्रदूषण मंडळाची संमती हा दुसरा. आम्ही बैठकीत सांगतो ते असे. सोयरीक जुळवताना आपण चौकशी करतो ना, घर कसे आहे, पाण्याची सोय काय, माणसे कशी आहेत? ती चौकशी म्हणजे पर्यावरण मंजुरी. ती प्रकल्प उभा राहण्याआधी होते. मोठ्या प्रकल्पांना ती दिल्लीचे पर्यावरण मंत्रालय देते आणि त्याहून लहान असेल तर राज्याचे प्राधिकरण. लग्नानंतर नांदणूक नीट चालली आहे का हे बघणे म्हणजे मंडळाची संमती. ती दोनदा घ्यावी लागते, एकदा उभारणीसाठी आणि एकदा चालवण्यासाठी. मुदत संपली की पुन्हा घ्यावी लागते. डिस्टिलरी मंडळाच्या हिशेबात लाल गटात येते, म्हणजे सर्वांत जास्त लक्ष ठेवायच्या उद्योगांत.

आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हा आणखी तिसरा कागद. सरपंचांनी दाखला दिला म्हणजे सुनावणी झाली असे होत नाही. कोणी तसे सांगितले तर मान हलवू नका.

मंडळाचे हात किती लांब आहेत, हे पुष्कळ जणींना माहीत नसते. पाण्याच्या कायद्याखाली मंडळ कारखाना बंद करायला सांगू शकते, इतकेच काय, त्याची वीज आणि पाणी तोडायचा आदेशही देऊ शकते. मग हे रोज का होत नाही? एक कारण पुराव्याचे आहे. तुम्ही-आम्ही ओढ्यातले काळे पाणी बाटलीत भरून नेले, तर साहेब ते बघतील, पण न्यायालयात ती बाटली चालत नाही. नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यावा लागतो. त्याआधी कारखानदाराला नोटीस द्यायची, त्याच्या समोर नमुन्याचे दोन भाग करायचे, मोहोर लावायची, मग मान्य प्रयोगशाळेत पाठवायचा. म्हणून तक्रार करायची ती पाणी वाहत असताना करायची. दोन दिवसांनी केली तर ओढा स्वच्छ दिसतो आणि आपण खोटारड्या ठरतो. तारीख, वेळ, जागा, पाण्याचा रंग, वास हे गटाच्या वहीत त्याच क्षणी टिपून ठेवा. फोनमध्ये फोटो काढा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. पोच न घेता परत येणे म्हणजे हप्ता भरून पावती न घेणे.

शिक्षेबद्दल बायका हमखास विचारतात. पर्यावरण कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ मध्ये कायदा बदलला आणि एप्रिल २०२४ पासून त्याऐवजी दंड आला, १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत, तोही न्यायालयाऐवजी नेमलेला अधिकारी ठरवतो. सरकारचे म्हणणे असे की खटले वर्षानुवर्षे रखडतात, दंड लवकर वसूल होतो. असेलही. पण ज्याचे रोजचे उत्पन्न लाखांत आहे त्याला १५ लाखांची किती भीती वाटेल, हा हिशेब आपल्या गटाची खजिनदारसुद्धा करू शकते. आम्हाला तरी हा बदल पचलेला नाही.

आता सुनावणीकडे येऊ.

पहिले म्हणजे, सुनावणी सगळ्याच प्रकल्पांना नसते. काही प्रकल्प कमी त्रासाच्या गटात टाकलेले असतात, त्यांची सुनावणी होत नाही. २०२१ मध्ये इथेनॉल बनवणाऱ्या काही प्रकल्पांनाही अशी सवलत दिली गेली. त्यामुळे कुठेही नवे काही उभे राहताना दिसले की पहिला प्रश्न हाच विचारायचा, हा प्रकल्प कोणत्या गटात आहे? आपल्याकडच्या प्रकल्पाची सुनावणी होणार आहे, म्हणजे ते दार उघडे आहे.

ही सुनावणी कारखाना घेत नाही. मांडव त्याचा असेल, चहा त्याचा असेल, पण सुनावणी प्रदूषण मंडळ घेते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी बसतात, किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी. निदान ३० दिवस आधी एका देशपातळीवरच्या आणि एका मराठी दैनिकात नोटीस यावी लागते. सगळ्या सुनावणीचे चित्रीकरण करावे लागते. आलेल्यांची हजेरी लिहून इतिवृत्ताला जोडावी लागते. तिथे हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारायची संधी द्यावी लागते. यात सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे कोणी विचारू शकत नाही. जमीन नवऱ्याच्या नावावर आहे म्हणून तुम्ही बोलू नका, असे कोणी म्हणाले तर त्याला शांतपणे सांगा की अधिसूचनेत तसे कुठेही लिहिलेले नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. शेवटी इतिवृत्ताचा सारांश लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो आणि मग अध्यक्षांची सही होते. अशा सभेत बहुतेक लोक भाषणे झाली की उठतात. बायकांना तर स्वयंपाकाची घाई. आणि खरी गोष्ट तर त्यानंतर होते! आपण बोललेले वहीत उतरले की नाही, हे त्या वाचनातच कळते. म्हणून प्रत्येक गावातल्या दोघी-तिघींनी तरी शेवटपर्यंत बसायचे. आपला मुद्दा वाचला गेला नाही, तर तिथेच उभे राहून सांगायचे की हे राहिले, हे लिहा.

बोलायचे काय, हा पुढचा प्रश्न. समजा एखादी ताई उभी राहिली आणि कळवळून म्हणाली, तुम्ही आमच्या लेकराबाळांचे वाटोळे करता. टाळ्या पडतील. पण वहीत काय उतरेल? "ग्रामस्थांनी विरोध दर्शविला." एक ओळ. त्याचे उत्तर काय, तर "नोंद घेतली." आता दुसरी ताई उभी राहिली आणि म्हणाली, मी अमुक वस्तीवर राहते, आमच्या विहिरीवर एवढी घरे पाणी भरतात, गळीत हंगाम सुरू झाला की विहिरीचे पाणी पिवळट होते, तुमच्या अहवालात ज्या विहिरींचे नमुने घेतले त्यांत आमची विहीर दिसत नाही, तो नमुना घ्यावा आणि निकाल आम्हाला कळवावा. याला "नोंद घेतली" म्हणून चालत नाही. सुनावणीत निघालेल्या प्रत्येक मुद्द्याला प्रकल्पवाल्याने अंतिम अहवालात उत्तर द्यायचे असते, आणि मंजुरीचा विचार करणाऱ्या समितीपुढे प्रश्न आणि उत्तर दोन्ही जातात. विहीर, बंधारा, रस्ता, चारा, जनावरांचे आजार, रात्रीच्या टँकरांची वर्दळ, हे सगळे आपल्याइतके जवळून कोणी पाहिलेले नाही. ते नावानिशी, महिन्यानिशी बोला. दोन मिनिटे पुरतात.

हा अहवाल कोठे बघायचा? पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल असे त्याचे लांबलचक नाव. मूळ अहवाल जाडजूड आणि इंग्रजीत असतो. पण त्याचा सारांश मराठीत द्यावाच लागतो. दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात आणि मंडळाच्या कार्यालयात सुनावणीच्या आधी बघायला ठेवतात. हा अहवाल प्रकल्पवाल्याच्या खर्चाने तयार होतो, हे ध्यानात ठेवून वाचा. साधारणपणे प्रकल्पाभोवतीच्या दहा किलोमीटरचा अभ्यास त्यात असतो. गावांची नावे, ओढे, विहिरी, लोकसंख्या. आपले गाव आहे का? ओढा बारमाही लिहिलाय की कोरडा? सातवी शिकलेली बाईसुद्धा नकाशावर बोट ठेवून हे तपासू शकते.

ज्यांना सुनावणीला जाता येणार नाही, त्यांनी लेखी म्हणणे मंडळाकडे द्यावे. त्यालाही तेवढीच किंमत आहे.

आता एक स्पष्ट बोलतो, म्हणजे नंतर फसवल्यासारखे वाटू नये. सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. हात वर करून मोजणी होत नाही. हजार जणांनी नको म्हटले म्हणून प्रकल्प आपोआप रद्द होत नाही, आणि शंभर जणांना ट्रकातून आणून हो म्हणायला लावले म्हणून तो मंजूरही होत नाही. मग उपयोग काय? गोव्यातले एक प्रकरण सांगतो. तिथल्या लोहखनिजाच्या खाणीला मंजुरी मिळाली, तेव्हा उत्कर्ष मंडळ नावाची संस्था दिल्ली उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले की लोकांनी सुनावणीत घेतलेल्या हरकतींवर तज्ज्ञ समितीने विचार केला पाहिजे, आणि हरकत मान्य केली किंवा फेटाळली तर त्याची कारणे लिहिली पाहिजेत. अहवालाचा सारांशही लोकांच्या हाती ३० दिवस आधी पडला पाहिजे. बघा, पुन्हा तेच. जे लिहिले गेले होते, त्यावरच न्यायालयाला बोट ठेवता आले.

मंजुरी मिळाली तरी गोष्ट संपत नाही. मंजुरीच्या पत्राची प्रत ग्रामपंचायतीकडे यावी लागते आणि पंचायतीने ती ३० दिवस लावून ठेवायची असते. त्या फळ्याकडे आपण फारसे बघत नाही, पण आता बघा. कारण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करायचे तर मुदतही ३० दिवसांचीच आहे. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यानंतर मात्र दार बंद. हे न्यायाधिकरण २०१० च्या कायद्याने झाले आणि आपल्या भागासाठीचे पीठ पुण्यात आहे. मंजुरीत अटी असतात आणि त्या पाळल्या की नाही, याचा अहवाल प्रकल्पवाल्याने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो कोणालाही मागता येतो.

अटींना काय अर्थ आहे, असे वाटत असेल तर डहाणूची हकीकत ऐका. डहाणू म्हणजे चिकूच्या वाड्या, वारली पाडे आणि समुद्रकिनारा. तिथे १९८९ मध्ये ५०० मेगावॅटच्या कोळशावरच्या वीज केंद्राला केंद्राने मंजुरी दिली. वीज जाणार होती मुंबईच्या उपनगरांत आणि धूर राहणार होता डहाणूत. तिथल्याच नर्गिस इराणी आणि त्यांच्याबरोबरची माणसे न्यायालयात गेली. उच्च न्यायालयात यश आले नाही, सर्वोच्च न्यायालयानेही १९९१ मध्ये प्रकल्प थांबवला नाही. कोणीही हातपाय गाळून घरी बसले असते. पण त्याच वर्षी जून महिन्यात केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणूसाठी वेगळे प्राधिकरण नेमले गेले, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. मूळ मंजुरीच्या वेळी धुरातला गंधकाचा वायू, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, काढून टाकणाऱ्या यंत्राचा विषय कागदावर आलेला होता. प्राधिकरणाने १९९९ मध्ये सांगितले, यंत्र बसवा. कंपनीने पुष्कळ कारणे सांगितली. मग तिच्याकडून ३०० कोटींची बँक हमी घ्यायची वेळ आली. अखेर २००७ मध्ये यंत्र चालू झाले. मंजुरीपासून मोजली तर अठरा वर्षे झाली. एक मूल जन्मून मतदार होईल एवढा काळ. पण बसले.

बाकीच्या देशात काय झाले, तेही सांगायला हवे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कोळशावरच्या सगळ्याच वीज केंद्रांना या वायूची मर्यादा घालून दिली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढत गेली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना या यंत्राच्या सक्तीतून मोकळे केले गेले. म्हणजे नियम झाला म्हणून निर्धास्त राहू नये. अधिसूचनेने दिलेले अधिसूचनेने काढून घेता येते.

हे यंत्र न बसवण्याच्या बाजूने एक कारण नेहमी पुढे येते, ते म्हणजे खर्च. आणि तो खर्च येतो वीजबिलात. इथून आपण दुसऱ्या कायद्यात शिरतो.

आपण म्हणतो, महावितरणने दर वाढवले. खरे तर महावितरण दर मागते, ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. हा आयोग १९९९ पासून आहे, कार्यालय मुंबईत. सध्या तो २००३ च्या वीज कायद्याखाली चालतो. पूर्वीचे वीज मंडळ २००५ मध्ये फोडून वीज बनवणारी, वाहून नेणारी आणि घरोघर पोचवणारी अशा वेगळ्या कंपन्या केल्या, त्या सगळ्यांचा खर्च हा आयोग तपासतो. वीज केंद्राने प्रदूषणाचे यंत्र बसवले, तर कायद्यातल्या बदलामुळे आलेला खर्च म्हणून ते आयोगापुढे जाते आणि मंजूर झाले की दरात धरले जाते. गळती किती, थकबाकी किती, कर्जाचे व्याज किती, हे सारे त्यात येते.

आणि इथेही आपल्याला विचारायचे बंधन आहे. कंपनीने दरवाढ मागितली की पेपरात जाहिरात द्यावी लागते, लोकांच्या सूचना-हरकती घ्याव्या लागतात, त्यानंतरच आयोग आदेश काढतो. पुणे, नाशिक, अमरावती, नागपूर अशा ठिकाणी याआधी सुनावण्या झाल्या आहेत. ग्राहकांच्या बाजूने मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची प्रयास अशा संस्था आयोगापुढे आकडेमोड मांडतात. पण पापड लाटणाऱ्या, मसाला कांडणाऱ्या, पिठाची गिरणी चालवणाऱ्या गटांच्या बायका तिथे फार कमी दिसतात. खरे तर आपल्याला बोलायला भरपूर आहे. दिवसा वीज कधी असते, गिरणीला कोणता दर लागतो, मीटरचे वाचन न घेता सरासरी बिल किती महिने येते.

आज घरी गेल्यावर, नाही, घरीच आहात, तर हातातले काम संपले की विजेचे बिल काढून बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार हे आयोगाच्या आदेशाप्रमाणे लागतात. त्याखाली वीज शुल्क लिहिलेले असते, तो राज्य सरकारचा कर, घरगुती बिलावर सोळा टक्के. त्यासाठी आयोगाकडे भांडून उपयोग नाही, ते आमदारांना विचारायचे. गटाची मसाला गिरणी असेल तर बिलावरचा वर्ग वाचा. पिठाच्या, मसाल्याच्या गिरण्या आयोगाच्या दरपत्रकात औद्योगिक वर्गात आहेत. व्यापारी दर लावलेला दिसला तर लेखी अर्ज द्या.

अर्जाचे काही झाले नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. त्यात ग्राहकांचा एक प्रतिनिधीही बसतो. मंचाचा निर्णय पटला नाही तर विद्युत लोकपाल, एक मुंबईला आणि एक नागपूरला. मात्र वीजचोरीचे प्रकरण मंचाकडे चालत नाही, तो रस्ताच वेगळा. आणि हे तर प्रत्येकीने पाठ करून ठेवावे. थकबाकी असली तरी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. कायद्याचे कलम ५६. वायरमन दादा खांबावर चढला की त्याला हात जोडण्याऐवजी नोटीस कुठे आहे ते विचारा. आदराने विचारा, तोही नोकरीच करतो.

तर आता पुढच्या कामाचे. येत्या सोमवारी आम्ही अहवालाचा मराठी सारांश बघायला जिल्हा परिषदेत जाणार आहोत. प्रत्येक गावातून एक जण चला, सकाळच्या पहिल्या एसटीने निघायचे, भाकरी बांधून घ्या. येताना सारांशाच्या प्रती काढून आणू, खर्च ग्रामसंघाच्या खात्यातून करायचे ठरले आहे. त्यानंतरच्या आठवड्यात प्रत्येक वस्तीवर एक बैठक होईल. तिथे ज्या विहिरीवर ज्या बायका पाणी भरतात, त्यांनी त्या विहिरीबद्दल दोन-दोन ओळी लिहायच्या. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मुलीला जवळ बसवा, अंगठा चालतो. कारखान्यात ज्यांची माणसे कामाला आहेत त्यांनीही यावे. नवीन डिस्टिलरीत स्थानिकांना किती जागा आणि त्या कायमच्या की ठेक्याच्या, हाही सुनावणीत विचारायचा प्रश्न आहे आणि तो त्यांनीच विचारलेला बरा. सुनावणीच्या दिवशी हजेरीच्या कागदावर सही करताना स्वतःचे पूर्ण नाव आणि गाव लिहा, नुसते "अमक्याची बायको" नको. आणि ज्या दोघी-तिघी शेवटच्या वाचनापर्यंत थांबणार आहेत, त्यांच्या घरचा रात्रीचा स्वयंपाक शेजारणींनी सांभाळायचा, हेही त्याच बैठकीत नावानिशी ठरवून वहीत लिहून घेऊ.